पत्रा डायला चिकटतो तेव्हा: कार्बन कोटिंगचं संशोधन नेमकं कशावर अडतं?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात माझ्याकडे एक फार देखणा आलेख होता. आडव्या अक्षावर सरकण्याचं अंतर, उभ्या अक्षावर घर्षणांक. साधं टूल स्टील ॲल्युमिनियमवर घासलं की रेघ वरखाली नाचत होती. कार्बनचं कोटिंग दिलेल्या नमुन्याची रेघ मात्र सुरुवातीला थोडी हलली आणि मग ०.१ च्या जरा वर शांतपणे सरळ चालत राहिली. गाईडना दाखवला, त्यांनाही आवडला. मग तेच कोटिंग दिलेली टूल्स घेऊन पत्र्याची पट्टी ओढायच्या चाचणीला बसले. मोजक्याच पट्ट्या ओढून झाल्या असतील, टूलच्या गोलाईवर ॲल्युमिनियमची बारीक चंदेरी रेघ दिसायला लागली. पुढच्या प्रत्येक पट्टीवर त्याच जागी ओरखडा.

कोटिंग तेच, पत्रा तोच, निकाल उलटा. आलेखातला आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता, हे कळायला मला बरेच महिने लागले. तुमच्यापैकी जे मटेरियल्स, मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनमध्ये संशोधनाला येऊ बघतायत, त्यांचे तरी ते महिने वाचावेत म्हणून हा लेख. विषय आहे पत्रा घडवणाऱ्या टूल्सवरचं कार्बनचं कोटिंग, ज्याला सगळे डीएलसी म्हणतात.

पत्रा ओढताना होतं काय?

डीप ड्रॉइंग म्हणजे सपाट पत्र्यातून वाटी किंवा डबा ओढून काढणं. घरातलं स्टीलचं पातेलं, सिंक, गाडीच्या दाराचा आतला पत्रा, सगळं याच कुळातलं. पत्र्याची चकती, म्हणजे ब्लँक, डायवर ठेवायची, ब्लँक होल्डरने कडेने दाबून धरायची आणि मधून पंच खाली आणायचा. पत्रा ब्लँक होल्डरखालून आत सरकतो, डायच्या गोलाईवरून वळतो आणि वाटीची भिंत बनतो.

या प्रवासात पत्रा नुसता सरकत नाही, तो ताणला आणि दाबला जातो, त्याचा पृष्ठभाग बदलतो. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर कायम असतो. हा थर कडक, पण ठिसूळ. खालचा मऊ धातू ताणला गेला की वरचा ऑक्साइड वाळलेल्या चिखलासारखा तडकतो आणि भेगांमधून ताजं, उघडं ॲल्युमिनियम वर येतं. ते समोरच्या स्टीलला घट्ट धरून बसतं. पुढच्या स्ट्रोकला त्या चिकटलेल्या कणावर आणखी कण बसतात. सततच्या विरूपणाने ते कडक होत जातात आणि मग तोच ढीग पुढच्या पत्र्याला नांगरासारखा ओरखडतो. याला गॉलिंग म्हणतात. स्टेनलेस स्टीलचं आणि जस्त चढवलेल्या पत्र्याचंही हेच दुखणं आहे, फक्त तपशील वेगळे.

इथे एक गोष्ट पक्की करून ठेवा. गॉलिंगमध्ये टूल झिजत नसतं, टूलवर मटेरियल चढत असतं. त्यामुळे "झीज किती कमी झाली" हा पुस्तकी प्रश्न इथे थेट लागू पडत नाही. टायटॅनियम नायट्राइडचं सोनेरी कोटिंग टूल स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असतं, तरी ॲल्युमिनियम त्याला चिकटतंच. नुसत्या कठीणपणाने हा प्रश्न सुटत नाही.

प्रेस शॉपमधला जुना उपाय म्हणजे वंगण. ते काम करतं, पण नंतर धुवावं लागतं, नाहीतर रंग धरत नाही, वेल्डिंग आणि चिकटवणं बिघडतं. धुणं आलं की पाणी, रसायनं, ऊर्जा आणि सांडपाणी आलं. शिवाय अवघड कामांसाठी वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या वंगणांत क्लोरिनयुक्त पॅराफिन असत, आणि त्यातल्या लहान साखळीच्या पॅराफिनना २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत टाकण्यात आलं. म्हणून "वंगण कमी करता येईल का, शून्यावर आणता येईल का" हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातोय. जपानमध्ये मुराकावा आणि सहकाऱ्यांनी १९९५ सालीच डीएलसी दिलेल्या डायने ॲल्युमिनियमचं वंगणाशिवाय डीप ड्रॉइंग करण्यावर पेपर प्रसिद्ध केला होता. गेल्या दशकात जर्मन संशोधन परिषदेने 'कोरडं धातुरूपण' या विषयावर एसपीपी १६७६ नावाचा मोठा संयुक्त कार्यक्रमच चालवला. या विषयावरचं वाचन सुरू करायचं असेल तर या दोन टोकांपासून करा.

कार्बनच का?

कार्बनचे दोन चेहरे शाळेपासून माहीत आहेत. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो, ही एसपी३ जोडणी. म्हणून हिरा सगळीकडून कठीण. ग्राफाइटमध्ये प्रत्येक अणू एका प्रतलात तीन शेजाऱ्यांना धरतो, ही एसपी२. प्रतलं एकमेकांना सैल धरतात, म्हणून पेन्सिलीचं शिसं कागदावर उतरतं.

डीएलसीमध्ये या दोन्ही जोडण्या एकाच वेळी, पण स्फटिकासारख्या शिस्तीत नाही तर काचेसारख्या अस्ताव्यस्त रचनेत असतात. बहुतेक वेळा सोबत हायड्रोजनही असतो. १९७१ साली आयझेनबर्ग आणि शॅबट यांनी आयनांच्या झोताने असा थर बसवल्याचं प्रसिद्ध केलं आणि 'हिऱ्यासारखा कार्बन' हे नाव रूढ झालं. नाव एक, पण आत कुटुंब मोठं आहे. ढोबळ ओळख अशी:

- ए-सी:एच, म्हणजे हायड्रोजन असलेला अस्फटिक कार्बन. बहुतेक वेळा ॲसिटिलीनसारख्या वायूच्या प्लाझ्मातून बसवतात. कठीणपणा साधारण १० ते ३० गिगापास्कल.
- टीए-सी, म्हणजे जवळजवळ हायड्रोजन नसलेला, एसपी३ चं प्रमाण खूप जास्त असलेला थर. ग्राफाइटच्या टार्गेटवर आर्क पेटवून बसवतात. कठीणपणा ४० गिगापास्कलच्या पुढे, चांगल्या थरात ७०-८० पर्यंत.
- धातू किंवा सिलिकॉन मिसळलेले प्रकार. उदाहरणार्थ टंगस्टन मिसळलेला ए-सी:एच. कठीणपणा थोडा सोडतात, बदल्यात चिवटपणा किंवा तापमान सोसण्याची ताकद मिळवतात.

तुलनेसाठी, ६० एचआरसीला हार्डन केलेलं टूल स्टील ७-८ गिगापास्कलच्या आसपास असतं आणि हिरा १०० च्या घरात.

जर्मनीच्या व्हीडीआय २८४० या मार्गदर्शिकेत आणि २०१७ च्या आयएसओ २०५२३ या मानकात या कुटुंबाचं वर्गीकरण दिलेलं आहे. दोन्ही एकदा नजरेखालून घालाच. कारण "आम्ही डीएलसी कोटिंग वापरलं" हे वाक्य "आम्ही भाजी खाल्ली" इतकंच सांगतं. कुठली भाजी, हे कळल्याशिवाय पुढचा आकडा निरुपयोगी.

आता ॲल्युमिनियम कार्बनला का चिकटत नाही? धातूला धातू आवडतो, कारण दोघांचे इलेक्ट्रॉन सहज एकत्र येतात. कार्बनच्या पृष्ठभागावरचे मोकळे बंध हायड्रोजनने किंवा हवेतल्या पाण्यापासून आलेल्या ओएच गटांनी भरलेले असले, की ॲल्युमिनियमला धरायला हातच सापडत नाही. जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ॲल्युमिनियम आणि हिरा यांच्या सांध्यावर केलेल्या क्वांटम गणनांमध्ये हेच दिसलं: हिऱ्याचा पृष्ठभाग उघडा असला तर ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरतं, हायड्रोजनने झाकला की पकड एकदम ढिली पडते. म्हणजे न चिकटणं हा कार्बनचा उपजत गुण नाही. तो कार्बनच्या सगळ्यात वरच्या अणूंवर काय बसलंय यावर ठरतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

कोटिंग टिकतं कशाच्या जोरावर?

डीएलसीचा थर साधारण १ ते ५ मायक्रोमीटरचा असतो. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रोमीटर धरा, म्हणजे अंदाज येईल. "मग जाड का नाही बसवत?" हा प्रश्न मला पहिल्याच सेमिनारमध्ये विचारला गेला होता आणि मला उत्तर आलं नव्हतं.

उत्तर असं. एसपी३ जोडण्या तयार करायला येणारे कार्बन आयन जोरात आदळावे लागतात. ते वरच्या थराखाली घुसून बसतात आणि त्या दाटीवाटीमुळे थरात आतल्या आत दाबाचा स्ट्रेस साठतो, टीए-सीमध्ये तर कित्येक गिगापास्कल. थराच्या दर चौरस मिलिमीटरमागे साठलेली ऊर्जा या स्ट्रेसच्या वर्गाच्या आणि जाडीच्या प्रमाणात असते. स्ट्रेस तोच ठेवून जाडी दुप्पट केली की ऊर्जा दुप्पट. ही ऊर्जा थर आणि स्टील यांच्यातल्या पकडीपेक्षा वाढली की थर आपोआप उचकटतो, कधी कधी चेंबरमधून बाहेर काढल्यावर टेबलावरच. म्हणून मध्ये क्रोमियम किंवा टायटॅनियमचा पातळ थर देतात, त्यावर हळूहळू कार्बनचं प्रमाण वाढवत नेतात, आणि मग खरा डीएलसी.

दुसरी अडचण खालच्या स्टीलची. थर कितीही कठीण असला तरी खालचं मटेरियल दबलं की वरचा थर फुटतो. मऊ गादीवर काच ठेवून तिच्यावर उभं राहून बघू नका, पण कल्पना करा. म्हणून टूल आधी नीट हार्डन केलेलं हवं, काही वेळा नायट्रायडिंगही करून घेतात.

इथे टूलरूमशी संबंधित तीन गोष्टी येतात. त्या पेपरमध्ये अर्ध्या ओळीत उरकलेल्या असतात आणि प्रत्यक्षात त्यांच्यावरच कोटिंग जगतं किंवा मरतं:

१. टेम्परिंग. डी२ स्टील १८०-२०० अंशांवर टेम्पर केलेलं असेल आणि कोटिंग चेंबरमध्ये २५० अंश होत असतील, तर कोटिंग करता करता तुम्ही टूल पुन्हा टेम्पर करताय. ते मऊ पडेल, मापही हलू शकतं. कोटिंगला जाणारी डाय ५०० अंशांच्या वर टेम्पर केलेली असावी, असा आग्रह यासाठीच असतो.

२. वायरकटचा पांढरा थर. वायरकट किंवा स्पार्कवर कापलेल्या पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला ठिसूळ थर उरतो. तो पॉलिश करून काढला नाही तर कोटिंग स्टीलला नाही, त्या पापुद्र्याला चिकटतं. मग कोटिंग निघालं म्हणून आपण कोटिंगला दोष देतो.

३. स्वच्छता. पॉलिशिंग पेस्टचे अवशेष, गंजरोधक तेल, बोटांचे ठसे. व्हॅक्यूमला यातलं काहीच खपत नाही.

माझ्या नमुन्यांच्या पहिल्या खेपेत दुसऱ्या मुद्द्याचा फटका बसला. नमुने वायरकटवर कापले आणि वेळ वाचवायला फक्त वरवर पॉलिश केले. पूर्ण खेप फुकट गेली. कोटिंग करून देणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. मीच त्यांना सांगितलं नव्हतं.

घर्षण सगळीकडे कमी नको

नवखा विद्यार्थी (मीही) गृहीत धरतो की घर्षण जितकं कमी तितकं चांगलं. वाटी ओढताना बळ कुठून कुठे जातं ते बघा. पंच वाटीच्या तळाला ढकलतो. तो जोर भिंतीतून वर जातो आणि कडेचा पत्रा आत ओढला जातो. ब्लँक होल्डरखाली आणि डायच्या गोलाईवर घर्षण कमी असेल तर पत्रा सहज आत येतो, भिंतीवर कमी ताण. पण पंचाच्या टोकाच्या गोलाईजवळ उलटं आहे. तिथे पंचाने पत्र्याला धरून ठेवलं तर त्या जागचा पत्रा पातळ व्हायचा वाचतो. वाटी फाटते ती बहुतेक वेळा तिथेच. पंचालाही डीएलसी देऊन गुळगुळीत केलं तर तुम्ही स्वतःच वाटी फाटायला मदत करता.

म्हणून आता संशोधनात एकाच टूलच्या वेगवेगळ्या भागांवर वेगळा पृष्ठभाग द्यायचा प्रयत्न चालतो: इथे कोटिंग, तिथे मुद्दाम खरखरीत पट्टा, म्हणजे पत्रा कुठून किती आत यायचा हे पृष्ठभागच ठरवेल. विषय शोधत असाल तर ही वाट अजून मोकळी आहे.

हवेतला ओलावा आणि जुलैतलं वाचन

आता मघाशी म्हटलेल्या वरच्या अणूंकडे परत येऊ. अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत अली एर्देमिर आणि सहकाऱ्यांनी २००० च्या आसपास दाखवलं की भरपूर हायड्रोजन असलेल्या डीएलसीचा घर्षणांक कोरड्या नायट्रोजनमध्ये ०.०१ च्याही खाली जातो. तोच थर दमट हवेत आणला की आकडा कित्येक पटींनी वाढतो. टीए-सीचं नेमकं उलट: दमट हवेत तो ०.१ च्या आसपास छान चालतो, आणि निर्वातात किंवा अगदी कोरड्या वायूत घर्षण भडकतं, कारण मोकळे बंध झाकायला पाणीच नसतं.

म्हणजे "डीएलसीचा घर्षणांक किती?" या प्रश्नाला उत्तर नाही. कुठला डीएलसी, कशावर, कुठल्या हवेत, हे सांगावं लागतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी घेतलेलं वाचन आणि जुलैच्या पावसात घेतलेलं वाचन एकाच तक्त्यात शेजारी ठेवताना दोन्ही दिवसांची आर्द्रता लिहिलेली नसेल, तर त्या फरकाचं श्रेय तुम्ही चुकून कोटिंगला देऊन बसाल. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक मशीनशेजारी ठेवा आणि प्रत्येक वाचनासोबत आकडा लिहा. इतका स्वस्त उपाय संशोधनात क्वचित मिळतो.

तापमानाचंही तसंच. ए-सी:एच साधारण ३०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात हायड्रोजन गमावायला आणि ग्राफाइटकडे झुकायला लागतो. थंड पत्रा घडवताना तिथपर्यंत सहसा कोणी जात नाही. पण हॉट स्टॅम्पिंगमध्ये पत्रा ९०० अंशांच्या वर तापवून डायमध्ये येतो, तिथे हा उमेदवार नाही.

माझा देखणा आलेख कुठे चुकला?

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे. मी पिन-ऑन-डिस्क चाचणी केली होती. चकतीवर डीएलसी, वर ॲल्युमिनियमची पिन, चकती गोल फिरते, घर्षण मोजलं जातं. जगभर लाखो वेळा होणारी चाचणी. चूक तीन ठिकाणी होती.

पहिली चूक: पिन त्याच वर्तुळावरून पुन्हा पुन्हा जात होती. सुरुवातीच्या फेऱ्यांत डीएलसीमधून थोडा ग्राफाइटसारखा कार्बन निघून ॲल्युमिनियमच्या पिनवर चढतो. एकदा हा थर बसला की खरं घासणं कार्बनवर कार्बन असं होतं आणि रेघ शांत होते. माझ्या आलेखातला तो "सुरुवातीला थोडी हलून मग सरळ" भाग हाच. प्रत्यक्ष प्रेसमध्ये काय होतं? प्रत्येक स्ट्रोकला नवा पत्रा येतो. चढलेला कार्बन तयार झालेल्या वाटीसोबत बाहेर निघून जातो. पत्र्याला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही, तो कायम पहिल्या फेरीतच असतो. मी ज्या भागाची सरासरी काढली होती तो भाग प्रेसमध्ये कधी येतच नाही, आणि जो भाग "सुरुवातीचा गोंधळ" म्हणून कापून टाकला होता तोच कामाचा होता.

दुसरी चूक: बाजू उलटी होती. प्रेसमध्ये टूलची तीच जागा सतत घासली जाते आणि पत्रा बदलत राहतो. म्हणजे पिन ही टूलच्या जागी हवी, कोटिंग तिच्यावर हवं, आणि चकती ॲल्युमिनियमची. आणि वाटही वर्तुळाकार नको, सर्पिलाकार हवी, म्हणजे प्रत्येक क्षणी ताजा पत्रा मिळेल. पट्टी ओढण्याच्या चाचणीत हे आपोआप साधतं, म्हणून ती प्रेसच्या जवळची.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर होती. चकती आरशासारखी पॉलिश केलेली होती. पट्टी ओढायच्या टूलची गोलाई ग्राइंडिंग करून जरा हात फिरवलेली. पातळ कोटिंग खालच्या खुणा बुजवत नाही, त्या तशाच वर उमटवतं. ग्राइंडिंगचे उंचवटे आता डीएलसीचे, म्हणजे फार कठीण झाले, आणि मऊ ॲल्युमिनियम त्यांनी कानशीसारखं तासलं. तासलेले कण खाचांमध्ये अडकले आणि गॉलिंगचा पाया पडला. आर्कने बसवलेल्या टीए-सीमध्ये ही अडचण आणखी असते, कारण आर्कमधून उडालेले ग्राफाइटचे कण थरात बसून गाठी तयार करतात. म्हणून असा थर बसवल्यानंतरही पॉलिश करावा लागतो. ॲल्युमिनियमसाठी कोटिंगचा प्रकार ठरवण्याइतकाच वेळ कोटिंगच्या आधीच्या आणि नंतरच्या पॉलिशिंगला द्या.

टूल पुन्हा ओढीच्या दिशेने पॉलिश करून, कोटिंग करून चाचणी घेतली तेव्हा कुठे फरक दिसायला लागला.

मोजमापातले सापळे

जाडी मोजायला बॉल क्रेटर ही सोपी पद्धत आहे. फिरत्या गोळीने थर झिजवून खळगा पाडायचा, सूक्ष्मदर्शकाखाली दोन वर्तुळं दिसतात. जाडी = (बाहेरचा व्यास² − आतला व्यास²) ÷ (४ × गोळीचा व्यास). गोळी ३० मिमी, बाहेरचं वर्तुळ ०.८० मिमी, आतलं ०.५५ मिमी असेल तर (०.६४ − ०.३०२५) ÷ १२० = ०.००२८ मिमी, म्हणजे २.८ मायक्रोमीटर. एकदा हाताने करून बघा, सॉफ्टवेअरवर आंधळा विश्वास राहत नाही.

पकड बघायला रॉकवेल सी चा खळगा पाडतात, १५० किलो भाराने, आणि कडेच्या भेगा व निघालेला थर बघून एचएफ१ ते एचएफ६ असा वर्ग देतात. एचएफ१ उत्तम, एचएफ५ आणि ६ नापास. पण ही चाचणी एकदाच दाबते. हजारो स्ट्रोकनंतरच्या थकव्याबद्दल ती काही सांगत नाही.

कठीणपणा नॅनोइंडेंटेशनने मोजताना टोक थराच्या जाडीच्या १० टक्क्यांपेक्षा खोल गेलं तर तुम्ही खालचं स्टीलच मोजू लागता. १ मायक्रोमीटरच्या थरात हा हिशोब १०० नॅनोमीटर. पृष्ठभाग खरखरीत असेल तर इतक्या उथळ मापाला अर्थ उरत नाही.

आणि रामन. डीएलसीच्या प्रत्येक पेपरमध्ये १३५० च्या आसपासचा डी आणि १५६० च्या आसपासचा जी उंचवटा, आणि त्यांचं गुणोत्तर असतं. त्यावरून थेट "एसपी३ इतके टक्के" असं लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. दिसणाऱ्या प्रकाशाचा लेसर एसपी२ ला कित्येक पटींनी जास्त प्रतिसाद देतो. तुम्हाला दिसतं ते एसपी२ चे समूह कसे मांडले आहेत ते, एसपी३ चा अंदाज आडवळणाने येतो. फेरारी आणि रॉबर्टसन यांचा २००० सालचा पेपर या बाबतीत वाचलाच पाहिजे.

पेपर वाचताना स्वतःला विचारायचे प्रश्न

मी आता कुठलाही पेपर वाचताना शेजारी ही यादी ठेवते:

- डीएलसीचा नेमका प्रकार, जाडी आणि मधला थर दिलाय का?
- खालचं स्टील कुठलं, किती एचआरसी, कोटिंगच्या वेळी तापमान किती?
- कोटिंगच्या आधी आणि नंतर खरखरीतपणा किती? पॉलिशिंगची दिशा?
- पत्र्याचा मिश्रधातू आणि पृष्ठभाग कसा होता? गिरणीतून येताना लागलेलं तेल कसं काढलं? "कोरडी" चाचणी खरंच कोरडी होती का?
- हवेतली आर्द्रता?
- संपर्क ताज्या पत्र्याशी होता की जुन्याच वाटेवर?
- चाचणी कधी थांबवली? गॉलिंग सुरू झाल्यावर, की ठरावीक अंतर झाल्यावर?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. ठरावीक अंतरावर थांबलेली चाचणी "गॉलिंग झालं नाही" एवढंच सांगते, "होणार नाही" असं नाही.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी माझा पहिला आलेख दाखवला होता. तिथल्या टूलरूम सांभाळणाऱ्या काकांनी तो शांतपणे बघितला आणि विचारलं, "मॅडम, हे किती स्ट्रोकनंतरचं आहे?" माझ्या आलेखावर स्ट्रोक नावाचा अक्षच नव्हता. तेव्हा मला थोडा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी मिळालेला तो सगळ्यात नेमका रिव्ह्यू होता. डाय कोटिंगला पाठवली की तितके दिवस काम थांबतं. ती परत येऊन आठवड्यात पत्रा ओरखडायला लागली तर तो खर्च त्यांच्या माथी, माझ्या पेपरच्या नाही.

म्हणून तुमचा विषय कुठलाही असो, पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी जिथे ती गोष्ट खरोखर वापरली जाते तिथे जाऊन उभे राहा. तिथली माणसं कुठला आकडा विचारतात ते ऐका. मग प्रयोगशाळेत परत येऊन बघा, तुमचं मशीन तोच आकडा मोजतंय का.